न्यूबेरी पदक आणि बालवाचकाची प्रतिष्ठा

बालवाङ्मयासाठी दिल्या जाणाऱ्या पारितोषिकांविषयीचे वाद बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहतात. मुलांना जे पुस्तक आवडते त्यास मान द्यावा, की जाणकारांस जे वाङ्मयदृष्ट्या श्रेष्ठ वाटते त्यास द्यावा, हा पहिला प्रश्न. आणि जे पुस्तक मुलांस काही चांगले शिकविते त्यास झुकते माप द्यावे की नाही, हा दुसरा. अमेरिकेतील न्यूबेरी पदकाचा शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास या दोन्ही प्रश्नांच्या अभ्यासास सोयीचा आहे; कारण या पदकाचे निकष लेखी आहेत, निवडी जाहीर आहेत, आणि त्यांवरील वादही वेळोवेळी उघडपणे झालेले आहेत. या वादांतील पक्ष ज्या मापांनी पुस्तके मोजतात ती मापे बहुतांशी ग्रंथाबाहेरची आहेत. ग्रंथाच्या भाषेतच सापडणारे एक माप निकषांत नमूद असूनही दुर्लक्षित राहिले आहे, असे प्रस्तुत विवेचनात दाखवावयाचे आहे.

१

ज्याच्या नावाने हे पदक दिले जाते तो जॉन न्यूबेरी (१७१३–१७६७) हा लंडनमधील पुस्तकविक्रेता व प्रकाशक होता. त्याने १७४४ मध्ये काढलेले 'अ लिटल प्रेटी पॉकेट-बुक' हे इंग्रजी बालवाङ्मयाच्या इतिहासातील एक आरंभीचे पुस्तक मानले जाते. त्या पुस्तकाबरोबर थोडे अधिक पैसे देणाऱ्यास मुलासाठी चेंडू आणि मुलीसाठी टाचण्यांची उशी मिळत असे. शिकवण आणि रंजन यांचा मेळ घालणे हे न्यूबेरीचे उघड धोरण होते, आणि खप वाढविण्याची कोणतीही युक्ती त्यास वर्ज्य नव्हती.

फ्रेडरिक मेल्चर यांनी १९२१ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघापुढे या पदकाची कल्पना मांडली. काव्य, नाटक व कादंबरी यांना जी वाङ्मयीन प्रतिष्ठा लाभते तीच मुलांसाठी लिहिलेल्या ग्रंथांनाही लाभावी, हा त्यांचा हेतू. पहिले पदक १९२२ मध्ये हेन्ड्रिक व्हान लून यांच्या 'द स्टोरी ऑफ मॅनकाइंड' या मानवजातीच्या इतिहासग्रंथास मिळाले. पुढे निवडीचे काम समितीकडे आले. आज ही समिती पंधरा सभासदांची असून ती दरवर्षी एका ग्रंथास पदक देते आणि आणखी काही ग्रंथांची मानग्रंथ म्हणून निवड करते.

समितीने विचारात घ्यावयाच्या गोष्टी थोडक्यात अशा : विषयाचे विवरण, माहितीची अचूकता व मांडणी, कथानकाचा विकास, व्यक्तिचित्रण, स्थळचित्रण आणि शैलीचे औचित्य. निर्णय मुख्यतः संहितेवर करावयाचा आहे. याशिवाय एक स्पष्ट निषेध आहे : पदक उपदेशासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही. उपदेश आणि लोकप्रियता या दोन्ही गोष्टींवर ज्याचा व्यवसाय उभा होता त्याच्याच नावाच्या पदकाने या दोन्ही गोष्टी निकषांतून वगळाव्यात, यातील विसंगती मनोरंजक तर आहेच. पण ती अर्थपूर्णही आहे. बालवाङ्मयास वाङ्मय म्हणून मान्यता मिळवावयाची, तर त्याच्या दोन जुन्या आधारांवाचून ते उभे राहू शकते हे दाखविणे आवश्यक होते.

परंतु हे आधार काढून घेतल्यावर उरते काय? निकषांच्या व्याख्येत याचे उत्तर एका वाक्यात आहे. मुले, म्हणजे चौदा वर्षे वयापर्यंतच्या व्यक्ती, ज्याचा अभिप्रेत असा संभाव्य वाचकवर्ग आहेत असा ग्रंथ विचारात घ्यावा. आणि त्या ग्रंथात मुलांची समज, त्यांचे सामर्थ्य व त्यांची रसिकता यांविषयी आदर दिसावा, असे ते वाक्य सांगते. सगळ्या वादात या वाक्याचा पूर्वार्ध पुष्कळदा चर्चिला जातो. उत्तरार्ध मात्र शिष्टाचाराचे वाक्य समजून सोडून दिला जातो.

२

ऑक्टोबर २००८ मध्ये अनिता सिल्व्ही यांनी 'स्कूल लायब्ररी जर्नल' या नियतकालिकात न्यूबेरी पदक आपली वाट चुकले आहे काय, असा प्रश्न करणारा लेख लिहिला. ग्रंथपाल, शिक्षक, पुस्तकविक्रेते अशा शंभरांहून अधिक व्यक्तींशी बोलून त्यांनी हा लेख सिद्ध केला होता. अलीकडील पदकप्राप्त ग्रंथ बहुसंख्य मुलांस कठीण अथवा नीरस वाटतात आणि त्यामुळे पदकाचा मुलांशी असलेला संबंध क्षीण होत आहे, असा या टीकेचा रोख होता. प्रतिपक्षाने निकषांतील निषेधाकडे बोट दाखविले. लोकप्रियता ही कसोटीच नाही. लोकप्रिय पुस्तकास वाचक मिळवून देण्यासाठी पदकाची गरजही नाही, असे या पक्षाचे म्हणणे. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, पदक नील गेमन यांच्या 'द ग्रेव्हयार्ड बुक' या आधीपासूनच चांगल्या खपलेल्या कादंबरीस मिळाले. त्यामुळे वादाची धार काहीशी बोथट झाली, पण मूळ प्रश्न सुटला नाही.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मुलांसाठी असलेला ग्रंथ कोणतेच मूल वाचत नसेल, तर 'मुलांसाठी' या पदास अर्थ उरत नाही, हे टीकाकारांचे म्हणणे सहज टाळता येण्याजोगे नाही. उलट, किती मुलांनी पुस्तक वाचले याची मोजदाद ही वाचकांविषयीची माहिती आहे, ग्रंथाविषयीची नव्हे. आणि जानेवारीत पदक जाहीर करणाऱ्या समितीपुढे मागील वर्षीचेच ग्रंथ असल्यामुळे ही माहिती तिला पुरेशी मिळूही शकत नाही. घोटाळा होतो तो अभिप्रेत वाचक आणि प्रत्यक्ष वाचक यांची गल्लत केल्यामुळे. प्रत्यक्ष वाचक ग्रंथालयाच्या नोंदवहीत सापडतो. अभिप्रेत वाचक संहितेत असतो. निवेदक कोणाशी बोलतो, कोणते शब्द समजावून सांगतो, कोणते तसेच ठेवतो, कोठे थांबतो आणि कोठे बोलावयाचे टाळतो, यांवरून तो ओळखता येतो. ही सर्व भाषिक तथ्ये होत. म्हणूनच मुलांविषयीचा आदर ही केवळ सद्भावना नसून परीक्षण करता येण्याजोगी वस्तू आहे.

३

या परीक्षणाचा एक सोपा आरंभबिंदू असा : ग्रंथातील बालपात्राची, आणि त्याच्याद्वारे बालवाचकाची, अनोळखी शब्दाशी गाठ पडते तेव्हा काय घडते? मूल हे भाषा शिकत असलेले माणूस आहे. त्याच्या अनुभवाचा हा गाभा लेखक कसा हाताळतो यात त्याची वाचकाविषयीची भूमिका उघड होते. हा प्रश्न न्यूबेरीच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या निर्णयास लावून पाहणे उद्बोधक ठरेल.

१९५३ मध्ये ई. बी. व्हाइट यांचे 'शार्लट्स वेब' समितीपुढे होते. पदक मिळाले ते ॲन नोलन क्लार्क यांच्या 'सीक्रेट ऑफ दि अँडीज' या कादंबरीस. व्हाइट यांचा ग्रंथ मानग्रंथांत राहिला. पुढील दशकांत एक ग्रंथ घराघरांत पोहोचला आणि दुसरा मुख्यतः पदकविजेत्यांच्या यादीमुळे लक्षात राहिला. या कारणास्तव समितीने चूक केली असे नेहमी म्हटले जाते. परंतु नंतरची लोकप्रियता हा पुरावा मानला, तर निकषांनी वगळलेलीच गोष्ट मागील दाराने आत येते. समिती चुकली असेल, तर ते संहितांवरूनच सिद्ध व्हावयास हवे.

'शार्लट्स वेब' ही वरवर पाहता डुकराचे एक पिलू आणि एक कोळीण यांची मैत्रीची कथा आहे. पण तिचे सारे कथानक शब्दांवर चालते. विल्बर या पिलाचा जीव वाचविण्यासाठी शार्लट आपल्या जाळ्यात त्याच्या स्तुतीचे शब्द विणते. ती प्रथम भेटते तीच एका भारदस्त अभिवादनाने, आणि त्याचा अर्थ विल्बरने विचारल्यावर साध्या शब्दांत सांगते. पुढे तो असे अर्थ वारंवार विचारतो. एकदा बहुगुणी या अर्थाचा शब्द कानी पडल्यावर तो 'अंड्यांनी भरलेले' असा अर्थ असेल काय, अशी शंका काढतो. कारण त्या वेळी शार्लट अंडी घालण्याच्या बेतात असते. संदर्भावरून अर्थ तर्कणे ही भाषा शिकणाऱ्या प्रत्येक मुलाची रीत येथे अचूक टिपली आहे. विल्बरची चूक हास्यास्पद करून दाखविलेली नाही. ती चुकीची पण विचारपूर्वक केलेली अटकळ म्हणून दाखविली आहे.

जाळ्यासाठी शब्द निवडण्याचे प्रसंग याहून महत्त्वाचे आहेत. टेम्पलटन हा उंदीर उकिरड्यावरून छापील कागदांचे तुकडे आणतो. जाहिरातीतील एक शब्द खाद्यपदार्थाच्या कुरकुरीतपणाचा असल्याने डुकराच्या बाबतीत तो धोक्याचा, म्हणून शार्लट तो नाकारते; कपड्यावरील चिठ्ठीतला दुसरा शब्द निरुपयोगी ठरतो. साबणाच्या खोक्यावरील तिसरा शब्द स्वीकारण्यापूर्वी ती विल्बरला उड्या मारावयास लावून तो त्यास शोभतो की नाही हे पाहते. शेवटचा शब्द 'नम्र' आणि 'जमिनीलगतचा' असे दोन अर्थ बाळगतो, आणि दोन्ही विल्बरला लागू पडतात हे ती स्वतःच सांगते. शब्दाचा संदर्भ, त्याची अर्थच्छटा, अनेकार्थता आणि श्रोत्यावर होणारा परिणाम हे अर्थविचारातील गहन विषय आठ-नऊ वर्षांच्या वाचकापुढे कोणतीही परिभाषा न वापरता मांडलेले आहेत. या कामात वाचकाला बघ्याची नव्हे, सहकाऱ्याची जागा दिलेली आहे.

हाच आदर मौनातही दिसतो. शार्लट जत्रेच्या ओसाड पडलेल्या मैदानात मरते. तिच्या शेवटच्या क्षणी कोणीही जवळ नव्हते, एवढेच निवेदक सांगतो. तो सांत्वन करीत नाही आणि बोधही काढीत नाही. ग्रंथात एक पारितोषिकही आहे. जत्रेत विल्बरला काशाचे पदक मिळते. ज्या लेखणीने त्यास कीर्ती दिली त्या शार्लटचे नाव कोणाच्याही ओठी येत नाही. न्यूबेरी पदकही काशाचेच आहे, आणि या ग्रंथास ते मिळाले नाही. या योगायोगास अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. परंतु छापील शब्दाला भुलणाऱ्या मोठ्यांविषयीची व्हाइट यांची मार्मिक दृष्टी मुलांपासून लपविलेली नाही, हे मात्र खरे.

आता 'सीक्रेट ऑफ दि अँडीज'. कुसी हा इंका वंशातील मुलगा पेरूच्या उंच डोंगरांतील एका गुप्त खोऱ्यात चुटो या वृद्धासमवेत लामांचे कळप राखतो. आपले कुटुंब कोणते या ओढीने तो कुझ्को नगरीपर्यंत जाऊन येतो आणि अखेरीस आपल्या वंशाच्या गुपिताचा रक्षक होण्याचे व्रत घेतो. क्लार्क यांनी मूळ रहिवाशांच्या शाळांत दीर्घकाळ अध्यापन केले होते, आणि त्यांचा त्या लोकांविषयीचा आदर खरा आहे. त्यांची वाक्ये आखूड, संथ आणि मंत्रपठनासारख्या लयीची आहेत. कुसीच्या प्रश्नांना तात्काळ उत्तर मिळत नाही. वेळ आल्यावर कळेल, अशा भावाने वडीलधारी माणसे त्यास थांबवितात, आणि वाचकही त्याच्याबरोबर थांबतो. हा संयम शैलीचा दोष नव्हे. मुलास प्रतीक्षा करता येते, असा विश्वास त्यात आहे. सबब समितीचा निर्णय अविचाराचा होता असे म्हणता येत नाही. श्रेष्ठत्वाची बहुतेक कलमे हा ग्रंथ पुरी करतो.

तथापि व्याख्येचा उत्तरार्ध पुढे ठेवला की फरक दिसू लागतो. क्लार्क यांच्या ग्रंथात अर्थ आधीच सिद्ध असून तो वडिलांपाशी आहे. मुलाने तो योग्य वेळी स्वीकारावयाचा आहे. व्हाइट यांच्या ग्रंथात अर्थ घडवावा लागतो, आणि त्या घडणीत मूल सामील आहे. पहिल्यात मुलाच्या संयमाविषयी आदर आहे. दुसऱ्यात त्याच्या समजेविषयी, सामर्थ्याविषयी आणि रसिकतेविषयी. आजचा निकष या तिन्ही गोष्टी मागतो. म्हणून १९५३ चा निर्णय चुकला असे म्हणावयाचे, तर ते खपाच्या आकड्यांवरून नव्हे, पदकाच्या आजच्या निकषावरून म्हणता येते.

४

या कसोटीचा उपयोग अलीकडील वादांतही होतो. २००७ मध्ये सुझन पॅट्रन यांच्या 'द हायर पॉवर ऑफ लकी' या ग्रंथास पदक मिळाल्यावर पहिल्याच पानावरील एका शब्दावरून गदारोळ झाला. एका कुत्र्यास साप चावल्याची हकिगत सांगताना त्याच्या वृषणकोशासाठी शरीरशास्त्रातील शब्द तेथे आला होता. काही ग्रंथपालांना पुस्तक संग्रहात घेण्याविषयी संकोच वाटला. वाद शब्दाच्या शिष्टाशिष्टतेवर झाला. परंतु तो शब्द कथेत काय करतो हे फारसे पाहिले गेले नाही. दहा वर्षांची लकी तो शब्द चोरून ऐकते, तिला त्याच्या नादाचे कुतूहल वाटते, आणि पुस्तकाच्या अखेरीस ती त्याचा अर्थ तिचा सांभाळ करणाऱ्या स्त्रीस विचारते. ज्या प्रश्नास विश्वासाचे माणूस लागते असा प्रश्न विचारता येणे हीच तिच्या कथेची परिणती आहे. तो शब्द गाळला असता कथेचा दुवाच तुटला असता.

२०१६ मध्ये मॅट डे ला पेन्या यांच्या 'लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट' या चित्रमय पुस्तकास पदक मिळाले तेव्हा एवढ्या अल्प मजकुराच्या पुस्तकास वाङ्मयीन पदक कसे, असा प्रश्न निघाला. नातू आजीबरोबर बसने जात असता तिला प्रश्न विचारतो, आणि ते घरगुती बोलीच्या व्याकरणात विचारतो. आजी त्याच्या प्रश्नास उत्तर देते. त्याचे व्याकरण दुरुस्त करीत नाही. निवेदनही त्या बोलीस अवतरणात वेगळे काढून चमत्कारिक करीत नाही. मजकूर थोडा असला तरी मुलाच्या भाषेस मिळालेली ही प्रतिष्ठा निकषाच्या अर्थाने मोठी आहे.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. मुलांविषयी आदर म्हणजे कोणत्या मुलांविषयी? ह्यू लॉफ्टिंग यांच्या 'द व्हॉएजेस ऑफ डॉक्टर डूलिटल' या ग्रंथास १९२३ चे पदक मिळाले. त्यातील कृष्णवर्णीयांविषयीचे अवमानकारक शब्द व प्रसंग १९८८ च्या आवृत्तीत बदलण्यात आले. १९२३ च्या निवडकर्त्यांस त्या ग्रंथात मुलांविषयी आदर दिसला असेल. पण कृष्णवर्णीय मूल हाही त्या ग्रंथाचा संभाव्य वाचक आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते. या पदकाने पहिल्या कृष्णवर्णीय लेखिकेचा, व्हर्जिनिया हॅमिल्टन यांचा, गौरव केला तो १९७५ मध्ये, म्हणजे पहिल्या पदकानंतर ५३ वर्षांनी. या आक्षेपाने कसोटी बाद होत नाही, अधिक कठोर होते. अभिप्रेत वाचक शोधताना संहितेने कोणाला बाहेर ठेवले आहे हेही पाहावे लागते.

याचे सौम्य पण बोधप्रद उदाहरण भारताशी संबंधित आहे. कलकत्त्याजवळ जन्मलेले धनगोपाल मुखर्जी यांच्या 'गे-नेक' या कबुतराच्या कथेस १९२८ चे पदक मिळाले. कथेचा काही भाग कबूतर स्वतः सांगते, आणि त्याची भाषा समजण्यासाठी वाचकाने आपल्या कल्पनाशक्तीचा आधार घ्यावा, असे निवेदक सुचवितो. मुलाच्या सामर्थ्यावरील हा विश्वास मोलाचा आहे. परंतु भारतीय जीवनातील ज्या गोष्टी निवेदक थांबून समजावून सांगतो त्या कलकत्त्याच्या मुलास सांगण्याची गरज नव्हती. अमेरिकन मुलास जे सौजन्य, ते भारतीय मुलास अनावश्यक. आदर हा श्रोतृसापेक्ष असतो, हे यावरून स्पष्ट होते.

५

मराठीच्या अभ्यासकास हा विषय परका नाही. साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून मराठीसही दिला जातो, आणि परीक्षकांपुढे तेच प्रश्न उभे राहतात. शिवाय या कसोटीसाठी मराठीचे व्याकरण इंग्रजीपेक्षा अधिक साक्ष देते. इंग्रजीत मध्यमपुरुषी सर्वनाम एकच. मराठी निवेदकास तू, तुम्ही आणि आपण यांतून निवड करावी लागते. 'आजोबा म्हणाले' आणि 'बंडू म्हणाला' या क्रियापदांतच मोठ्यांचे व लहानांचे स्थान ठरून जाते; 'कोल्होबा म्हणाले' या आदरार्थी बहुवचनात थट्टा कशी भरलेली आहे हे मूल न शिकविता ओळखते. दर दोन वाक्यांनंतर येणारे 'बरं का मुलांनो' किंवा प्रत्येक वस्तूस लावलेले 'चिमुकले', 'इटुकले' हे विशेषण वाचकाशी जवळीक साधते, की त्याच्या समजेविषयी शंका दर्शविते, हे प्रत्येक संहितेत तपासून पाहता येते. हे प्रयोग सरसकट त्याज्य नव्हेत. कथा सांगण्याच्या मौखिक परंपरेत त्यांना जागा आहे. प्रश्न ते कोणत्या कामी योजिले आहेत हा आहे.

पदक ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पदकाची मुद्रा लागलेले पुस्तक ग्रंथालयांत घेतले जाते, शाळांत वाचले जाते आणि कित्येक दशके छापले जाते. त्या अवधीत पुढील पिढ्यांची मुले त्यातून स्वतःविषयीची मोठ्यांची कल्पना वाचीत असतात. उपदेशाचा कैवार घेणारे मुलाला अपूर्ण प्रौढ समजतात, आणि खपाचा कैवार घेणारे त्यास गिऱ्हाईक समजतात. त्या दोघांच्या मध्ये, भाषेत नुकताच पाऊल टाकणारा पण विचार करण्यास समर्थ असा वाचक उभा आहे. त्याच्याशी ग्रंथ कसा बोलतो हे परीक्षकांनी प्रथम पाहावे, संहितेतील पुराव्यानिशी सांगावे, आणि उरलेली कलमे त्यामागून लावावी. असे केल्याने वाद मिटणार नाहीत. परंतु ते ग्रंथांविषयीचे वाद होतील.